जोडीची पुस्तकं

पुस्तकबाईंचं डोकं बुधवारी सकाळीच उठलं, आणि त्याला कारण होतं गोष्टींचं तिसरं कपाट.

आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर एकटीने बसून, कंबरेचा काटा ढिला होईस्तोवर त्यांनी ते लावलं होतं. लेखकाचं आडनाव धरून, 'अ'पासून पुढे, एकेक पुस्तक फडक्याने पुसून, पाठ बाहेर करून. आणि आज पहिल्या तासाला सहावीचा वर्ग येऊन गेला काय आणि बघतात तर 'क'मधली दीपगृहाची गोष्ट उठून थेट 'व'मध्ये जाऊन बसलेली, घड्याळजीच्या गोष्टीला अगदी खेटून. खालच्या फळीवर सर्कशीतल्या अस्वलाशेजारी एक राजकन्या. आणि तिच्याही खाली पाणबुड्याच्या कडेला टपाल वाटणारी म्हातारी.

"ये रे माझ्या मागल्या!" बाई कपाटाकडे बघून म्हणाल्या आणि मटकन स्टुलावर बसल्या.

गंमत म्हणजे, हे आजचं नव्हतं. सोमवारीही हेच. मंगळवारीही हेच. पोरांनी पुस्तकं विस्कटली तर एक वेळ समजू शकतो, पोरांची जातच विस्कटणारी. पण विस्कटून दर वेळी त्याच पुस्तकाशेजारी तेच पुस्तक? हा शुद्ध चावटपणा झाला. बाईंच्या मनाने घेतलं की कार्टी मुद्दाम आपला अंत बघताहेत.

आता अंत बघायला मुळात बाईंमध्ये उरलं होतं काय? वाचनालयाची नोकरी म्हटलं की लोक म्हणतात, वा, काय आराम! दुरून डोंगर साजरे. ज्या शिक्षकाला सर्दी होईल त्याचा तास पुस्तकबाईंना. ज्या शिक्षकाच्या मेहुण्याचं लग्न असेल त्याचाही तास पुस्तकबाईंना. परीक्षेला पाणी फिरवायला पुस्तकबाई, बक्षीस समारंभाला खुर्च्या मोजायला पुस्तकबाई. घरी गेलं की अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, आणि "झालं का ग?" एवढा एकच प्रश्न विचारणारा नवरा. माणूस वाईट नाही हो तो. पण त्याच्या त्या "झालं का"वर बाईंना हल्ली ताटली भिरकावून द्यावीशी वाटायची.

शिवाय या आठवड्यात एक जास्तीचं लचांड होतं. शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, सोमवारी दारातूनच सांगून गेल्या होत्या, "शुक्रवारी मी येऊन बघणार. गोष्टींची कपाटं आधी. आणि तुमच्या दादांनी सुट्टीत बांधून दिलेली पुस्तकंही बघते. आता विज्ञान, इतिहास, कोश, सगळंच बांधायला काढायचंय. दादांना द्यायचं की यंत्रावर बांधणाऱ्यांना, ते शुक्रवारी ठरवू."

पुस्तकबाई रोज कपाटं लावत बसत होत्या त्या तेव्हापासून. दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, बाइंडर. उभा जन्म त्याने दाभण आणि खळ यांच्या संगतीत काढला. एकेकाळी त्याच्या दारात कचेऱ्यांचे गठ्ठे पडायचे. आता पुस्तक बांधून घेतो कोण? फाटलं की टाकलं. शाळेचं काम तेवढं उरलं होतं. खाण्यापिण्याची ददात नव्हती त्याला, पोरगी मिळवती होती आणि बापाला जपत होती. पण बायको गेल्यापासून दादा सकाळी अंथरुणातून उठत होता तो या कामासाठी, हे बहिणीला पक्कं ठाऊक होतं. काम गेलं की दादाची सकाळ गेली. म्हणून तर ही कपाटं नीट दिसायला हवी होती, आणि म्हणून तर त्या अस्वल आणि राजकन्येवर बाई इतक्या चिडल्या होत्या.

गुरुवारी मधल्या सुट्टीत त्यांनी एक काम केलं. डबा न उघडता त्या चौथ्या कपाटाच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. पन्नाशी उलटलेल्या बाईने असं लपून राहायचं म्हणजे जरा अतीच, पण करता काय!

थोड्या वेळाने सहावीतली ती पोर आली. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण एका जागी ती कधी कोणाला दिसलीच नव्हती. बरोबर तिची मैत्रीण. भिंगरीने इकडेतिकडे बघितलं, 'क'च्या फळीवरून दीपगृह ओढलं आणि नेऊन घड्याळजीच्या शेजारी कोंबलं.

"सापडलीस!" बाई कपाटामागून बाहेर आल्या. मैत्रिणीने धूम ठोकली. भिंगरीचा हात बाईंच्या हातात होता, म्हणून ती राहिली. "रोज मी लावायचं आणि रोज तुम्ही मोडायचं? काय मिळतं ग तुम्हाला? माझ्या जिवाला जरा म्हणून चैन पडू देऊ नका!"

पोर रडवेली झाली. "मोडत नाही, बाई. आम्ही लावतोच आहोत."

"हे लावणं? 'क' कुठे, 'व' कुठे?"

"पण ती जोडीची आहेत ना! लांब ठेवली की दुसऱ्यांना कळत नाही पुढचं कुठे आहे ते. काल चौथीतली एक मुलगी रडली. तिला वाटलं तो दिवेवाला मेलाच."

बाईंना शेंडा ना बुडखा काही कळेना. "कसली जोडी?"

भिंगरीने पुस्तक उघडून दाखवलं. दीपगृहाचा राखणदार वादळात हातात कंदील घेऊन गोल जिना चढतोय, खाली जहाज खडकाकडे सरकतंय, आणि अठ्ठेचाळीसावं पान संपलं. बाईंनी शेजारच्या पानावर बघितलं. एकोणपन्नासाव्या पानावर घड्याळजीची सासू म्हणत होती, "घड्याळ बंद पडलं म्हणून काय माणसांनी जेवायचं नाही?"

बाईंनी पुन्हा मागचं वाचलं. पुन्हा पुढचं. सासू तिथेच होती.

"आता ते दुसरं घ्या," भिंगरी म्हणाली. रडणं विसरून ती मास्तरीण झाली होती. "त्यात एकोणपन्नासपासून दिवेवाला. चौसष्ट संपलं की परत यात यायचं. एकाला एकच पुस्तक घरी मिळतं ना, म्हणून आम्ही दोघी दोन घेतो. मी अठ्ठेचाळीसवर थांबते, तीही अठ्ठेचाळीसवर थांबते, मग बदलतो. अस्वलाचं तसंच आहे. म्हातारीचं पण."

"अग मग मला सांगायचं नाही?"

"आम्हाला वाटलं ही पुस्तकं अशीच असतात," भिंगरी म्हणाली. "जोडीची."

घंटा झाली आणि पोर पळाली. हल्ली पोरं दोघादोघांनी येऊन पुस्तकं नेतात, हे बाईंनी बघितलं होतं. मनात म्हटलंही होतं, बरी मैत्री आहे हो या वर्गात.

मग त्यांनी दार आतून लावून घेतलं आणि दादाने बांधलेली पुस्तकं एकेक उघडायला सुरुवात केली. बरीचशी ठीक होती. पण सात-आठ जोड्या तशाच निघाल्या. कसं झालं असेल ते बाइंडरच्या बहिणीला सांगायला नको. जुनं पुस्तक बांधायचं म्हणजे आधी उसवायचं. मग सोळा-सोळा पानांच्या घड्यांचे गठ्ठे पडतात, त्यांना फर्मे म्हणतात. फर्मे आकड्यांप्रमाणे रचायचे आणि शिवायचे. एकाच आकाराची, एकाच छपाईची दोन पुस्तकं शेजारी उसवली आणि एक फर्मा इकडचा तिकडे गेला, की झालं. पण ते झालं नवशिक्याचं. दादाने बांधलेलं पुस्तक फाटेल पण चुकणार नाही, असं त्याच्या गुरूने म्हटलं होतं. एक फर्मा चुकला असता तर बाईंनी हसून सोडून दिलं असतं. इतके चुकले याचा अर्थ एकच होता. मागे भर रस्त्यात दादा समोरून आला आणि ओळख न दाखवता निघून गेला, तेव्हा आपण रुसलो होतो. रुसायचं कशाला, विचारायचं नाही का?

आता पुढे काय? गप्प बसणं सगळ्यात सोपं होतं. मोठ्या बाई येणार, पुस्तकांच्या पाठी बघणार, "छान" म्हणणार आणि जाणार. पुस्तकाचं पोट कोण उघडून बघतं? काम दादाला मिळेल. आणि मग विज्ञानाच्या पुस्तकात बेडकाच्या पोटातून लढाई निघेल, कोशात शब्द एकीकडे आणि अर्थ भलतीकडे. शाळाभर दादाच्या नावाने हसतील. ते बाईंना सोसलं नसतं. पण जाऊन त्याला तोंडावर सांगायचं, हेही सोसणार नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

संध्याकाळी त्या दीपगृह आणि घड्याळजी पिशवीत घालून दादाकडे गेल्या.

दादाचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खळीचा आंबूस वास, भिंतीला टेकवलेले पुठ्ठे, मधे ठेंगणं मेज.

"कोण, छोटी ना? पायरीवर अडखळलीस म्हणजे तूच," दादा म्हणाला. "ये. उद्याच ठरतंय ना ग? मी दाभणं घासून ठेवलीत. पुठ्ठा कापून ठेवलाय. त्यांना सांग, कोशांना चामड्याची पाठ लावून देतो, पोरांचे नातू वापरतील."

बाईंनी पिशवी मांडीवर घेतली. सगळ्या वाटेने त्यांनी बोलणं जुळवत आणलं होतं, ते तसंच राहिलं.

"काय ग? पिशवीत काय आणलंस?"

त्यांनी दोन्ही पुस्तकं त्याच्या हातात दिली. दादाने पाठीवरून अंगठा फिरवला, शिवण दाबून बघितली, मान हलवली. मग पुस्तक उघडून नाकाजवळ नेलं, तिरपं केलं, दुसऱ्या अंगाला तिरपं केलं आणि खाली ठेवलं.

"काय झालंय त्यात?" त्याने हळू विचारलं.

"सोळा पानं याची त्यात गेलीत. त्याची यात."

"एवढंच पुस्तक?"

"सात-आठ जोड्या आहेत, दादा."

दादाने दोन्ही पुस्तकं नीट एकावर एक ठेवली. मग हसल्यासारखं करून म्हणाला, "आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं म्हणतात, तसं झालं म्हणायचं."

"तुला दिसत नाही?"

"मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं. आता तुझे कान दिसताहेत, तोंड नाही. डॉक्टर म्हणाला, आहे तेवढं सांभाळा. पोरीला बोललो नाही अजून."

बाईंचा मात्र पारा चढला. घाबरलं की त्यांना राग यायचा, लहानपणापासूनचं होतं ते. "दिसत नाही तर घेतलीस कशाला बांधायला? माझी अब्रू, तुझी अब्रू, कशाचा विचार? मला तरी सांगायचंस!"

"तू बघतेस म्हणून घेतली," दादा म्हणाला.

"मी?"

"मग कोण? नवं पुस्तक हातात आलं की आधी मधलंच पान उघडायचं, ही तुझी खोड. बाबांचा मार खाल्लायस त्यापायी. मी म्हटलं, कपाटात लावण्याआधी छोटी चाळणारच. चुकलं असेल ते परत पाठवेल, मी गुपचूप नीट करून देईन. एकही परत आलं नाही. तेव्हा मी खूश झालो ग. म्हटलं, डोळे गेले तरी हात चुकत नाही आपला."

बाईंच्या तोंडात कोणी मारावी तसं झालं. तो गठ्ठा आलेला दिवस त्यांना आठवत होता. एकामागून एक शिक्के मारले, आकड्याच्या चिठ्ठ्या डकवल्या, फळीवर उभी केली. मधेच कोणाचा तरी बदली तास घेतला, येऊन पुन्हा शिक्के मारले. बस.

"मी उघडलंच नाही, दादा," त्या म्हणाल्या. "एकही नाही."

"का ग?"

"वेळ नव्हता." मग खोटं बोलवेना. "वेळ होता रे. जीव नव्हता. कितीतरी दिवसांत मी गोष्ट म्हणून वाचलेली नाही. पुसते आणि लावते, पुसते आणि लावते. आत काय आहे ते बघावंसंच वाटत नाही."

आता दादा रागावेल, असं त्यांना वाटलं. त्याला हक्कच होता. पण तो मान वळवून, डोळ्याच्या कडेने बहिणीकडे बघायला लागला, चिमणी बघते तसा.

"मला दिसत नव्हतं म्हणून माझं चुकलं," तो म्हणाला. "तुला दिसत होतं तरी तू बघितलं नाहीस. म्हणजे छोटे, माझ्यापेक्षा तुझंच जास्त बिघडलंय. डोळे माझे गेले, पण दमलीस तू."

बाईंना रडू फुटलं. चांगलं हमसून, नाक पुसायची शुद्ध न राहता त्या रडल्या. इतक्या वर्षांत घरातल्या किंवा शाळेतल्या एकालाही जे दिसलं नव्हतं, ते या कडेकडेने बघणाऱ्या माणसाला दिसलं होतं. दादाने रडू दिलं. मधे एकदा खळीचं फडकं पुढे केलं, त्याला वाटलं रुमाल आहे. बाईंनी त्यालाच नाक पुसलं.

"उद्या सांगून टाक त्यांना," दादा म्हणाला. "काम यंत्रवाल्यांना द्या म्हणावं."

"आणि तू रे?"

"मी काय उपाशी मरतोय? पोरगी आहे की." त्याने एक दाभण उचललं, चाचपलं, परत होतं तिथे ठेवलं. "फक्त सकाळी उठून करायचं काय, ते काही सुचत नाही. सुचेल."

सुचणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून बाईंनी मग भिंगरीची हकीकत सांगितली. दोघी पोरी अठ्ठेचाळीसाव्या पानावर कशा थांबतात, चौथीतली मुलगी का रडली, आणि पोरं कशी बाईंच्या नाकावर टिच्चून रोज जोड्या लावून ठेवतात. दादा आधी नुसता ऐकत होता, मग खो खो हसायला लागला.

"बेणी आहेत!" तो म्हणाला. "मग? दिवेवाला पोचला का वर?"

"मला काय माहीत. मी कुठे वाचलंय."

दादाचं हसू एकदम थांबलं. "वाचलंस की सांग," तो म्हणाला. "मला पण कळायला हवं. शिवलंय मी ते."

शुक्रवारी मोठ्या बाई आल्या, हातात मोबाइल, मागे शिपाई. पहिलं कपाट बघितलं, दुसरं बघितलं, खूश दिसल्या. तिसऱ्यापाशी थबकल्या. "हे काय? 'व'मध्ये 'क' कसा? हे अस्वल इथे कुठे?"

"ते मी ठेवलंय," पुस्तकबाई म्हणाल्या. पहाटेपासून मनाशी घोकलेलं सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. दादाचे डोळे, फर्मे, पोरांच्या जोड्या, आणि आपण एकही पुस्तक न उघडता फळीवर लावलं तेसुद्धा. काही लपवलं नाही, काही रंगवलंही नाही. "काम यंत्रवाल्यांना द्या. दादानेच सांगितलंय. या जोड्या मात्र अशाच राहू देत. पोरांना वाचता येतात त्या."

मोठ्या बाईंनी मोबाइल पर्समध्ये टाकला. "वाईट वाटलं हो ऐकून," त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाटलं असावं. "ठीक आहे. जोड्या असू देत. आणखी काही?"

"हो. मला रजा हवी. सोमवारपासून."

"तुम्हाला?" मोठ्या बाई बघतच राहिल्या. "घरी कोणी आजारी आहे का? सासूबाई?"

"त्या आहेत तशाच आहेत. त्यांच्याकडे नवरा बघेल. मी सकाळी दादाकडे जाणार. त्याला सकाळचं काही काम उरलेलं नाही. त्याला मी ही दोन पुस्तकं वाचून दाखवणार, मग ती दोन. आणि वाचून झालं की नुसती बसणार."

"अहो, ते सगळं खरं. पण अर्जात कारण काय लिहाल?"

"दमले, असं लिहीन."

मोठ्या बाईंनी शिपायाकडे बघितलं, शिपायाने छताकडे. "बाई, असं कारण चालत नाही हो," त्या शेवटी म्हणाल्या.

"माहीत आहे," पुस्तकबाई म्हणाल्या. "म्हणून तर इतकी वर्षं मागितली नाही."